‘क्लिअर कॅशे’ दाबण्याआधी

आत्याच्या फोनवर ‘स्टोरेज फुल’ अशी पट्टी सारखी यायला लागली. घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ मीच, त्यामुळे फोन माझ्या हातात आला. मी सेटिंगमध्ये शिरलो, एकेक ॲप उघडलं आणि जिथे ‘क्लिअर’ दिसलं तिथे दाबत सुटलो. दहा मिनिटांत दोन-अडीच जीबी मोकळी झाली. चहा झाला, कौतुक झालं. रात्री तिचा फोन आला, “अरे, माझी भिशी कुठे गेली?”

भिशीचा दोन वर्षांचा हिशोब तिने एका नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवला होता. कोणी पैसे दिले, कोणाचा नंबर लागला, कोणाचे पाचशे राहिलेत, सगळं त्यात होतं. त्या ॲपला ईमेल खातं जोडलेलं नव्हतं. हिशोब फक्त त्या फोनमध्ये होता आणि तो मी पुसला होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, दर महिन्याच्या सोडतीचं नाव तिने पेनाने लिहिलं होतं म्हणून निम्मा हिशोब परत उभा राहिला. उरलेला बायकांनी आठवून आठवून सांगितला, आणि त्यात दोघींची जुंपली ती वेगळीच.

कॅशे म्हणजे नक्की काय, तो कुठे कुठे असतो आणि कधी पुसायचा, हे मी त्यानंतर नीट शिकलो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आणखी एक, हसू नका. या शब्दाचा इंग्रजी उच्चार ‘कॅश’ असाच आहे, रोख रकमेच्या कॅशसारखा. ‘पेमेंटच्या ॲपमध्ये क्लिअर कॅश दाबलं तर खात्यातले पैसे जातील का?’ असं मला दोन जणांनी अगदी गंभीरपणे विचारलंय. नाही जात. घोटाळा नको म्हणून मी इथे ‘कॅशे’ असंच लिहितो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- फोन किमान अर्धा चार्ज झालेला, आणि वायफाय. कॅशे पुसल्यावर ॲप सगळं पुन्हा उतरवून घेतं, ते मोबाइल डेटावर कशाला?
- गुगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड. ‘तो सेव्ह केलेला आहे’ हे उत्तर चालणार नाही, कारण कुठे सेव्ह केलाय हाच पुढे प्रश्न असतो.
- बँकेला जोडलेलं सिमकार्ड त्याच फोनमध्ये. ओटीपी लागू शकतो.
- व्हॉट्सॲपचा ताजा बॅकअप. ‘सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप’ इथे शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. ती मागच्या वर्षाची निघाली तर इथेच थांबा आणि आधी बॅकअप घ्या.
- दुसऱ्याचा फोन असेल तर मालक शेजारी बसलेला. मी हे केलं नाही.

१. आधी मिसळणाचा डबा समजून घ्या

फोडणी करताना आपण हळद आणायला किराणा दुकानात जात नाही. माळ्यावरचा किलोचा डबाही काढत नाही. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो, त्यात रोज लागणारी मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट थोडं थोडं काढून ठेवलेलं असतं. जागा लहान, पण हात पुढे केला की मिळतं. कॅशे म्हणजे हा डबा. मूळ माल दुसरीकडे असतो, इथे फक्त हाताशी काढून ठेवलेला वाटा.

कॉम्प्युटरमध्ये असे डबे एकात एक आहेत. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप. तिच्या अगदी कुशीत एल-वन नावाचा कॅशे असतो, काही दहा किलोबाइटांचा. त्यातली गोष्ट साधारण एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, हाती येते. त्यानंतर एल-टू आणि एल-थ्री, क्रमाने मोठे आणि हळू. मग रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती स्मृती, जिथे शंभरेक नॅनोसेकंद लागतात. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून असं बघा. एल-वनमधून वस्तू काढायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर रॅमकडे जाऊन यायला दीड मिनिटाहून थोडं जास्त लागेल. एसएसडीकडे, म्हणजे फाइली कायमच्या ठेवणाऱ्या चिपांच्या डिस्ककडे, गेलात तर एक दिवस मोडेल. जुन्या फिरत्या हार्ड डिस्ककडे गेलात तर तीन-चार महिने, आणि इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडून मागवलंत तर तीन वर्षं. प्रोसेसरला डब्याची एवढी ओढ का, ते यातून कळेल.

पुढे काय लागणार हे डब्याला कसं कळतं? कळत नाही, तो अंदाज बांधतो. आत्ता वापरलेली गोष्ट लवकरच पुन्हा लागेल, आणि तिच्या शेजारचीही लागेल, हे दोन अंदाज बहुतेक वेळा खरे ठरतात. म्हणून प्रोसेसर एक बाइट मागवला तरी बहुतेक यंत्रांत एकदम ६४ बाइटांची चवड उचलून आणतो. डबा भरला की सर्वांत जास्त दिवस हात न लागलेलं बाहेर काढतो.

कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अशा मदतनीस स्मृतीवर छोटा लेख लिहिला होता, आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती विक्रीच्या मालात आली. ‘कॅशे’ हे नावही त्याच यंत्राच्या निमित्ताने रूढ झालं. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ लपवणं.

या प्रोसेसरच्या कॅशेला तुम्ही हात लावू शकत नाही आणि लावायची गरजही नाही. आपल्याला बटण मिळतं ते वरच्या थरांवर, म्हणजे ब्राउझर, ॲप आणि ऑपरेटिंग सिस्टिम इथे. पण नियम तोच. पुसण्याआधी एकच विचारायचं: याचं मूळ कुठे आहे? मूळ दुसरीकडे असेल तर बिनधास्त पुसा. मूळ इथेच असेल तर तो कॅशे नव्हेच, मग त्याला कोणी काहीही नाव दिलेलं असो.

२. तुमचं दुखणं कोणतं ते ठरवा

लोक एकाच गोळीने सगळे आजार बरे करायला जातात. पान जुनंच दिसतंय, ॲप उघडताच बंद पडतंय किंवा चित्रं अर्धवट दिसताहेत, तर कॅशे पुसून खरोखर फरक पडतो. जागा संपली असेल तर थोडा पडतो, तोही तात्पुरता. फोन हळू चालतोय म्हणून कॅशे पुसत असाल तर बहुतेक वेळा उलटंच होईल. तुम्ही भरलेला मिसळणाचा डबा ओतून दिलाय, आता प्रत्येक फोडणीला माळ्यावर चढा.

३. ब्राउझरमध्ये जुनं पान दिसत असेल तर

भाच्याच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी हे आम्ही भोगलं. दुसरी यादी लागल्याचे मेसेज ग्रुपवर फिरत होते, आणि आमच्या लॅपटॉपवर यादी उघडली की वर पहिल्याच फेरीची तारीख. तीन वेळा उघडली, तीन वेळा तीच. मुलाचा चेहरा पडलेला. शेजारच्या मुलीच्या फोनवर मात्र नवी यादी आणि त्यात याचं नाव. झालं असं होतं की कॉलेजने जुन्या पीडीएफच्याच नावाने नवी पीडीएफ चढवली होती. ब्राउझरने नाव पाहिलं, ‘ही तर माझ्याकडे आहे’ म्हणाला आणि कपाटातली प्रत काढून दाखवली.

ब्राउझर हे मनाने करत नाही. प्रत्येक फाइल पाठवताना सर्व्हर सोबत चिठ्ठी देऊ शकतो: ही एक तास वापर, ही एक वर्ष वापर, ही दर वेळी मला विचारून वापर. मुदत संपली की ब्राउझर विचारतो, ‘माझ्याकडे अमुक खुणेची प्रत आहे, चालेल का?’ बदल नसेल तर सर्व्हर फक्त ३०४ हा आकडा कळवतो, म्हणजे ‘तीच वापर’, आणि अख्खी फाइल पुन्हा पाठवायचे कष्ट वाचतात. चिठ्ठीच दिली नसेल तर मुदत ब्राउझर अंदाजाने ठरवतो. गडबड होते ती तिथे, किंवा मुदत उगाच लांबलचक दिलेली असते तिथे.

उपाय या क्रमाने करा. पहिल्यावर भागलं तर पुढे जाऊ नका.

अ) कॉम्प्युटरवर ‘कंट्रोल + शिफ्ट + आर’ दाबा. मॅकवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ‘कमांड + शिफ्ट + आर’. यात कॅशे बाजूला ठेवून पान नव्याने आणलं जातं. नुसतं रिलोड आणि हे वेगळं.

आ) फोनवर ही सोय नसते. तिथे इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट टॅब उघडा. त्याचा डबा वेगळा आणि सुरुवातीला रिकामा असतो.

इ) पीडीएफ असेल तर माझी आवडती युक्ती: पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडा. ब्राउझरला वाटतं हा नवाच पत्ता आहे, त्यामुळे तो फाइल सर्व्हरकडून मागवतो. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर हे करू नका.

ई) शेवटचा उपाय, कॅशे पुसणं. विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत ‘कंट्रोल + शिफ्ट + डिलीट’ने ती खिडकी उघडते. फोनवरच्या क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ शोधा.

सापळा: त्या खिडकीत चार-पाच चौकटी असतात. आपल्याला हवी ती एकच, ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’. ‘कुकीज’ची खूण राहिली तर जिथे जिथे लॉगिन केलेलं आहे तिथून बाहेर फेकले जाल. ‘पासवर्ड्स’ची खूण तर अजिबात नको. सेव्ह केलेला पासवर्ड तुमच्या डोक्यात नसेल तर त्याचं मूळ तीच जागा आहे.

एवढं करूनही जुनंच दिसत असेल तर डबा तुमच्या घरातला नाही. मोठ्या साइट आपल्या पानांच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवतात, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला दर चित्र अमेरिकेतून आणावं लागत नाही. तिथली प्रत शिळी असेल तर तुमच्या बटणांचा उपयोग नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा, नाहीतर अर्धा तास थांबा.

४. अँड्रॉइड फोनवर ॲपचा कॅशे

सेटिंग्ज, मग ॲप्स, हवं ते ॲप, मग ‘स्टोरेज अँड कॅशे’. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. फोन मराठीत असेल तर ‘कॅशे साफ करा’ असं दिसेल.

इथेच माझा पाय घसरला. दोन बटणं शेजारी शेजारी असतात. ‘क्लिअर कॅशे’ फक्त डबा रिकामा करतं. ‘क्लिअर स्टोरेज’, ज्याला काही फोनवर ‘क्लिअर डेटा’ म्हणतात, ते ॲपला पहिल्या दिवसासारखं करून ठेवतं: लॉगिन, सेटिंग, आत साठवलेलं सगळं साफ. फोन एकदा विचारतो, ‘खात्री आहे का?’ आपण तोवर अंगठा टेकवलेला असतो.

‘क्लिअर स्टोरेज’ दाबायची वेळ आलीच तर ॲपनुसार मुळाचा शोध घ्या:

- यूपीआय ॲप: पैसे बँकेत, व्यवहारांची नोंद बँकेत. पुसलं तर सिम तपासून पुन्हा नोंदणी करावी लागते. कटकट आहे, नुकसान नाही.
- टेलिग्राम: साध्या गप्पांचं मूळ त्यांच्या सर्व्हरवर. लॉगिन केलं की परत दिसतात. ‘सिक्रेट चॅट’ मात्र जातात, त्या फक्त फोनवर असतात.
- व्हॉट्सॲप: नेमकं उलट. मेसेज पोचला की तो त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेला नसतो, मूळ तुमच्या फोनमध्ये. बॅकअप नसताना इथे ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे वडिलांनी पाठवलेले शेवटचे मेसेजसुद्धा गेले असं समजा.
- ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारी ॲप्स: खात्याशी जोडलेली नसतील तर हात लावू नका. स्वतःच्याच खात्याबाहेर कुलूप लावून घ्याल.
- यूट्यूबचे डाउनलोड, गुगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे: मूळ सर्व्हरवर आहे, पण प्रवासाच्या आदल्या रात्री पुसू नका. घाटात रेंज नसते.
- नोंदवही, हिशोब, आवाज ध्वनिमुद्रित करणारी ॲप्स: खातं जोडलेलं आहे का ते आधी पाहा. नसेल तर मूळ इथेच. आत्याची भिशी इथेच होती.

पूर्वी सेटिंगमध्ये सगळ्या ॲप्सचा कॅशे एका फटक्यात पुसायचं बटण असे. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ते गेलं. अनेकांना तो खोडसाळपणा वाटला, मला तसं वाटत नाही. तेव्हापासून प्रत्येक ॲपच्या कॅशेला वाटा ठरवून दिलेला असतो, आणि जागा कमी पडली की सिस्टिम वाट्याबाहेर गेलेल्यांचा कॅशे आधी स्वतःच पुसते. दर रविवारी फोन हातात घेऊन झाडलोट करायची गरज उरलेली नाही. व्हिडिओच्या ॲपचा कॅशे आज रिकामा केलात तरी आठवड्याभरात तो पहिल्याइतका झालेला असतो.

खरी जागा कुठे अडकते, तर व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये. व्हॉट्सॲपच्या ‘सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज’मध्ये जा. मोठ्या फाइली वेगळ्या काढलेल्या दिसतात. आत्याच्या फोनवर एकाच लग्नाचा व्हिडिओ तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून आलेला होता.

५. आयफोन असेल तर

सगळ्या ॲप्ससाठी ‘क्लिअर कॅशे’ असं बटण आयफोनवर नाहीच. सफारीसाठी आहे: सफारीच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा’. बाकी ‘सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज’मध्ये ॲपवर टॅप केलं की दोन पर्याय येतात. ‘ऑफलोड ॲप’ने ॲप जातं, त्यातली माहिती राहते. ‘डिलीट ॲप’ने दोन्ही जातं. ऑफलोडने कॅशे साफ होईल अशी अपेक्षा लोक ठेवतात, पण माहिती राखून ठेवणं हाच त्याचा उद्देश आहे. ॲपच्या आत स्वतःचं बटण नसेल तर काढून पुन्हा टाकणं हाच मार्ग. तेव्हा वरची यादी पुन्हा वाचा.

६. विंडोजवर

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. चित्रांच्या छोट्या छब्या, अपडेटची उरलेली पोती, रिसायकल बिन असं सगळं यादीत येतं. छब्या पुसल्या तर फोटोंचा फोल्डर पुढच्या वेळी जरा रेंगाळत उघडेल, एवढंच.

सापळा: त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. टेम्पररी म्हणजे तात्पुरतं, आणि त्यात आपण उतरवून ठेवलेलं घराचं करारपत्र! त्यावर आपोआप खूण नसते, पण ‘सिलेक्ट ऑल’च्या वृत्तीने चाललात तर तेही जाईल. आधी डाउनलोड्स फोल्डर उघडा, कामाच्या फाइली हलवा, मग इकडे या.

७. रॅम ‘भरलेली’ दिसली तर काही करू नका

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडा. तिथे ‘कॅश्ड’ असा आकडा दिसेल, बहुधा काही जीबींचा. सिस्टिमने नुकत्याच वाचलेल्या फाइली रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवल्यात, तो हा आकडा. प्रोग्रॅमला जागा लागली की ती लगेच सोडून देते. रॅम रिकामी ठेवून काही शिल्लक पडत नाही, तो बँकेतला पैसा नाही.

म्हणून ‘रॅम बूस्टर’, ‘फोन क्लीनर’ असली ॲप्स काढून टाका. ती जाहिराती दाखवतात आणि डबा ओतून देतात. फोनवर प्रत्येक ॲप वर सरकवून बंद करायची सवयही त्यातलीच. पाच मिनिटांनी तेच ॲप उघडता, तेव्हा ते पहिल्यापासून उभं राहतं आणि त्यात बॅटरी जास्त जाते. अडकलेलं ॲप बंद करायला मात्र हरकत नाही.

८. उलट्या दिशेचा कॅशे: पेन ड्राइव्ह

आतापर्यंत सगळं वाचण्याबद्दल होतं. लिहिताना हाच डबा उलटा चालतो आणि तिथे तो खरोखर दगा देऊ शकतो. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना सिस्टिम ती आधी रॅममध्ये घेते, ‘झालं’ म्हणून सांगते आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवते. त्या मधल्या काळात मूळ आणि एकमेव नवी प्रत रॅममध्ये असते. तेवढ्यात पेन ड्राइव्ह ओढून काढलात तर फाइल अर्धी.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी हे आपोआप बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे धोका कमी झालाय. लिनक्सवर मात्र मोठी फाइल टाकताना हिरवी पट्टी पूर्ण झाली तरी पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिलेला स्पष्ट दिसतो. मी एकदा असाच ड्राइव्ह उपसून झेरॉक्सच्या दुकानात गेलो. चाळीस पानांच्या अर्जाची एकतीस पानं निघाली आणि पुढे कोरं. रांगेतल्या माणसांनी मला जागा राखून ठेवली नाही.

तेव्हा काढण्याआधी ‘इजेक्ट’ किंवा ‘सेफली रिमूव्ह’ करा आणि ‘आता काढता येईल’ असा संदेश येईपर्यंत थांबा. महत्त्वाचं काही असेल तर ड्राइव्ह काढून पुन्हा लावा, मग फाइल उघडा. न काढता उघडलीत तर रॅममधलीच प्रत दिसेल आणि सगळं ठीक वाटेल. उघडल्यावर पहिलं पान पाहू नका, शेवटचं पाहा.